‘ऑफ’च्या पुढचं खोडायचं, पण नेहमी नाही

इंग्रजी वाक्यात क्रियापद एकवचनी की अनेकवचनी हे ठरवायची एक युक्ती आहे: ‘ऑफ’ आणि त्याला जोडलेलं नाम खोडा आणि मग क्रियापद ठरवा. ही युक्ती ईच, आयदर, नायदर, वन यांना चपखल बसते. ‘ईच ऑफ द बॉईज हॅज अ बॅग’ लिहिताना ‘बॉईज’ क्रियापदाला खेटून येतं आणि हात आपोआप ‘हॅव’कडे वळतो, खोडलं की ‘ईच हॅज’ उरतं. पण सम, एनी, नन, ऑल, मोस्ट या पाचांना हीच युक्ती लावलीत तर हमखास फसाल. तिथे खोडायचं नाही, उलट ‘ऑफ’नंतरच्या त्याच नामाकडे बघायचं: ‘मोस्ट ऑफ द मिल्क इज’, पण ‘मोस्ट ऑफ द मँगोज आर’. ‘नन’पुढे अनेकवचनी नाम असेल तर ‘इज’ आणि ‘आर’ दोन्ही चालतात (औपचारिक लेखनात ‘इज’ला झुकतं माप), न मोजता येणारं नाम असेल तर फक्त ‘इज’.

शिवाय ‘ईच’ची जागाही बघा. ‘द बॉईज ईच हॅव अ बॅग’ हे बरोबरच आहे, कारण इथे कर्ता ‘बॉईज’ आहे, ‘ईच’ नुसतं मागे चिकटलंय. आणि परीक्षेत गुण जातात ते क्वेश्चन टॅगमध्ये, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडलेल्या छोट्या प्रश्नात: ‘एव्हरीवन हॅज लेफ्ट, हॅवन्ट दे?’ मुख्य वाक्यात एकवचन, टॅगमध्ये मात्र ‘दे’ आणि अनेकवचन. ‘नोबडी’ला तर टॅग होकारार्थी लागतो: ‘नोबडी केम, डिड दे?’