गट मोडू, फोडू की सोडू?

रेघोट्या
मंडळी, एका शब्दावर अडले आहे. तालुक्याच्या गावी एका बचत गटातल्या चौदा जणींना इंकस्केप, म्हणजे संगणकावर चित्रं काढायचा प्रोग्रॅम, शिकवतेय. पापड-लोणच्यांची लेबलं त्यांना स्वतः करायची आहेत, दर बदलाला बाहेर पैसे मोजायचे नाहीत. त्यांच्यासाठी आठ पानांचं मराठी टिपण लिहायला घेतलं. निवडलेले आकार एकत्र बांधायच्या 'ग्रुप'ला 'गट करा' आणि ते परत वेगळे करायच्या 'अनग्रुप'ला 'गट मोडा' असं सरळ लिहून टाकलं होतं.

परवा वर्गात वारली बाई काढत होतो. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, डोक्याचा गोल, अंबाड्याचा छोटा गोल, हातापायांच्या चार रेघा आणि एक मुसळ. एकूण नऊ तुकडे. सगळे निवडून कंट्रोल-जी दाबलं आणि बाई अख्खी हलायला लागली, तेव्हा टाळ्या पडल्या. मग म्हटलं, "आता मुसळ तिरपं करायचंय ना, कंट्रोल-शिफ्ट-जी दाबा, गट मोडा." वर्ग एकदम गप्प. अध्यक्षबाई म्हणाल्या, "मॅडम, शेजारच्या वाडीतला गट कर्जावरनं मोडला त्याला अजून वर्ष नाही झालं. आमच्याकडनं असलं काही लिहून घेऊ नका."

'फोडा' तर त्याहून वाईट. तर अनग्रुपला काय म्हणावं? शनिवारी टिपण छापायला द्यायचंय.

शुद्धमती
मुळात 'गट' हा शब्द घेतलात तिथेच घोळ झाला. गटाला राजकारणाचा वास आहे. 'समूह' घ्या. समूहन आणि विसमूहन, क्रियापदं समूहणे, विसमूहणे. सुरुवातीला कानाला खडबडीत वाटेल, पण 'दिनांक' आणि 'महापौर' हे सावरकरांनी दिलेले शब्दही असेच नवे होते. आज महापौर म्हणताना कोणी अडखळतं का?

फ्लेक्सवाला
विसमूहन झालंय म्हटलं तर आमच्या दुकानातला पोरगा आधी गोळी घेईल आणि मग घरी जाईल.

ताई, वीस वर्षं कोरलवर काढली, तोही चित्रांचाच प्रोग्रॅम. आमच्यात ग्रुप मार, अनग्रुप मार, फॉन्ट कर्व्ह मार (म्हणजे अक्षरांचे आकार कर), एवढंच चालतं. 'मार' लावला की कुठलाही इंग्रजी शब्द मराठी होतो. कुलूप मारतो, रंग मारतो, एंटर मारतो, तसं अनग्रुपला कंट्रोल-यू मारतो. टिपणात 'अनग्रुप' असंच लिहा. पडद्यावर जे दिसतं तेच कागदावर पाहिजे, नाहीतर बाया कागदातला शब्द पडद्यावर शोधत बसतील.

रेघोट्या
@फ्लेक्सवाला, मुद्दा मान्य आहे, पण त्यांच्यातल्या पाच जणींना रोमन अक्षरं जेमतेम येतात. त्या मेनूतला शब्द वाचत नाहीत, जागा लक्षात ठेवतात. "वरून चौथा" म्हणतात. मग कागदावर तरी त्यांना कळेल असं हवं ना?

मात्रा-वेलांटी
मी याच भानगडीत दोन वर्षं होते म्हणून सांगते, 'ग्रुप' एकटा सोडवून चालणार नाही. त्याच्या आजूबाजूला आणखी दोन क्रिया आहेत, कंबाईन आणि युनियन. तिन्हींना आपण 'जोडा' म्हणून मोकळे होतो आणि शिकणाऱ्याचं वाटोळं होतं.

ग्रुपमध्ये वस्तू आपापल्या जागी जिवंत असतात. प्रत्येकीचा रंग वेगळा, फक्त हलतात एकत्र. त्यातल्या एकीलाच हात लावायचा असेल तर ग्रुप मोडायचीही गरज नाही. दोनदा क्लिक करून आत शिरता येतं, किंवा कंट्रोल धरून नेमक्या तुकड्यावर क्लिक करायचं. (रेघोट्या, मुसळ तिरपं करायला तुम्ही हेच शिकवायला हवं होतं, मग हा धागाच निघाला नसता!)

कंबाईनमध्ये सगळ्यांचा मिळून एकच पाथ, म्हणजे रेघांचा एकच आकार, होतो. रेघा तशाच राहतात, पण रंग एकच. आणि युनियनमध्ये आतल्या एकमेकांवर चढलेल्या रेघा नाहीशाच होतात, बाहेरची कड तेवढी उरते. आमच्या वर्गात मी युनियनला 'एकजीव करा' म्हणायचे. कणीक मळल्यावर त्यातलं पाणी पुन्हा वेगळं काढता येत नाही, हे कोणाला समजवावं लागत नाही.

फ्लेक्सवाला
एकजीव लय भारी. कोरलमध्ये त्याला वेल्ड म्हणतात. तो शब्द न कळल्यामुळे मी सुरुवातीला अख्खी रात्र वाया घालवलीय, ऐका.

रिक्षाच्या मागच्या काचेवर रेडियममध्ये 'आईचा आशीर्वाद' कापायचं होतं. फॉन्ट कर्व्ह केला, ग्रुप केला, कटरला दिला. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा आपापली असते आणि शेजारच्या अक्षरावर केसभर चढलेली असते. डोळ्याला ती सलग दिसते, पण कटरच्या सुरीला प्रत्येक कड दिसते. सुरीनं प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर कापलं. सोलायला घेतलं तर शिरोरेषा तुकड्यातुकड्यानं हातात आली. 'शी'ची वेलांटी एकीकडे, दांडी दुसरीकडे. मालक म्हणाला, ग्रुप कशाला केलास, वेल्ड करायचं. मग मी चुकून कंबाईन केलं, तर जिथं जिथं अक्षरं एकमेकांवर चढली होती तिथं पांढरी भोकं. आशीर्वादाला उंदरानं कुरतडल्यागत. तिसऱ्या खेपेला वेल्ड केलं तेव्हा रिक्षावाला चहा पिऊन पिऊन कंटाळून निघून गेला होता.

जुना खिळा
मी खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, जुळणीपासून या धंद्यात आहे. आमच्याकडे जुळारी असायचे. ओळी जुळवून झाल्या की मजकूर सुतळीनं बांधायचा, म्हणजे गॅलीतून उचलताना खिळे सांडत नाहीत. काम झालं की सुतळी सोडायची आणि खिळे परत आपापल्या घरात टाकायचे. तुमचं ग्रुप-अनग्रुप म्हणजे हेच की. बांधणे आणि सोडणे. 'गट' हवाच कशाला? वस्तू बांधा, वस्तू सोडा.

सांभारवडी
जुना खिळा काका +१. त्यावरून सुचलं, 'जुडी' कशी वाटते? सांभाराची जुडी बांधायची, घरी आणून सोडायची. आतल्या काड्या वेगळ्याच असतात, बांधल्या म्हणून त्यांचं काही बिघडत नाही. बाजारात रोजचा शब्द आहे. (सांभार म्हणजे कोथिंबीर हो, पुणेकरांनी इडली आणू नये.)

कांडेकरी
जुडी तुमच्याकडं. आमच्या कोल्हापूर भागात पेंडी म्हणतात. मेथीची पेंडी, कडब्याची पेंडी.

शनिवारवाड्याची चिमणी
गड्डी! पुण्यात मेथीची गड्डी मिळते. जुडी वगैरे मुंबईकडचं.

सांभारवडी
गड्डी नोटांची असते ना?

शनिवारवाड्याची चिमणी
नोटांचीही आणि मेथीचीही. आमच्याकडे दोन्ही महाग आहेत.

सातबारा
'गट'ला राजकारणाचा वास आहे हे शुद्धमतींचं म्हणणं पटलं नाही. राजकारणाच्या आधी तो जमिनीत होता. १९४७च्या तुकडेबंदी-एकत्रीकरणाच्या कायद्यानं विखुरलेले तुकडे एकत्र आणायची योजना आली. जिथं ती राबवली तिथं जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर पडले. म्हणजे तुकडे एकत्र करून त्यांना एका नावानं ओळखणं हे काम 'गट' या शब्दानं इमानेइतबारे केलेलं आहे. जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाला गट आणि पंचायत समितीच्या मतदारसंघाला गण म्हणतात ते वेगळंच.

आणि तुमच्या प्रोग्रॅममध्ये गटाच्या आत गट असतात, त्यांना काय म्हणता? 'उपगट' लिहू नका. आपल्याकडे 'पोट' आहे. पोटहिस्सा, पोटकलम, पोटभाडेकरू. गटातला गट तो पोटगट. आणि पोटहिस्से पाडताना होते ती फाळणी, तिचा फाळणी नकाशाही निघतो. अनग्रुप म्हणजे फाळणी.

मात्रा-वेलांटी
पोटगट झकास! पीडीएफ उघडली की गटात गट, त्यात गट निघत राहतात. निवडीत मोडायला गटच उरला नाही असा संदेश खालच्या पट्टीत येईपर्यंत कंट्रोल-शिफ्ट-जी दाबत बसावं लागतं.

पण 'फाळणी करा' असं बटण? पापडाच्या लेबलावर?

शुद्धमती
भाजीबाजार, तलाठी कार्यालय, कणीक. एका तांत्रिक संज्ञेसाठी एवढी फिरस्ती. परिभाषेला नेमकेपणा लागतो, गोडवा नाही. 'जुडी'पासून विशेषण कसं करणार? जुडीय? 'जुडीबद्ध वस्तू निवडा'?

सांभारवडी
'जुडीतल्या वस्तू निवडा.' मराठीत षष्ठी-सप्तमी अजून चालू आहेत.

टोरंटोचा टोपण
अवांतर, पण मला यातला वेगळाच प्रश्न पडतो. 'गट करा' हे 'करा' कोण कोणाला म्हणतंय? मेनूत मी संगणकाला हुकूम सोडतो. मग 'गट कर' हवं. मशीनला अहोजाहो कशाला? आणि टिपणात मात्र शिक्षिका विद्यार्थिनींना सांगतेय, तिथं 'करा' बरोबर. एकच शब्द दोन ठिकाणी दोन तोंडांनी बोलतोय.

जुना खिळा
आमचे मालक छपाईयंत्राला 'अहो' म्हणायचे. दसऱ्याला हार घालायचे, तेव्हा 'या वर्षी त्रास देऊ नका' असं म्हणायचे. यंत्र ऐकायचं नाही ते सोडा.

फ्लेक्सवाला
आमचा प्लॉटर फक्त शिव्या ऐकतो.

मात्रा-वेलांटी
'करणे' घ्या, कोणाचाच मान-अपमान नाही. 'गट करणे', 'गट सोडणे'. सरकारी वाटतं, पण टिकतं.

रेघोट्या
चर्चा वाचून काल एकीला फोनवर विचारलं, तुम्ही आपसात काय म्हणता? ती म्हणाली, "आम्ही बाई बांधतो आणि बाई सुटी करतो." पुढे म्हणाली, "पण मुसळ बाईला धरून नव्हतं म्हणून बाई पळाली आणि मुसळ मागं राहिलं." म्हणजे मुसळ निवडायचं राहून गेलं होतं. मला 'सुटं करा' आवडलंय. पण ऑब्जेक्टला काय म्हणू? 'वस्तू' म्हटलं की त्यांना पापड आठवतात.

सातबारा
नग म्हणा. नऊ नग निवडा, नगांचा गट करा.

शनिवारवाड्याची चिमणी
आमच्या घरात एक नग आहे, त्याचा गट होत नाही कोणाशी.

मात्रा-वेलांटी
आणि नोडला काय? पाथवरचे ते छोटे चौकोन ओढून आकार बदलायचा भाग तर पुढेच आहे. मी 'बिंदू' म्हणायचे, पण बिंदू स्थिर वाटतो, ओढायचा वाटत नाही. 'गाठ' म्हटलं तर सोडवायची वाटते. उसाचं 'पेर' कसं आहे? रेघ म्हणजे ऊस आणि नोड म्हणजे पेर.

कांडेकरी
थांबा थांबा. पेर म्हणजे गाठ नव्हे. बोटाचं पेर घ्या. दोन सांध्यांमधला जो भाग, ते पेर. तसंच उसाचं. सांधा वेगळा, पेर वेगळं. तुमच्या पाथमध्ये पेर म्हणजे दोन नोडमधला तुकडा झाला.

जुना खिळा
वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकात पेर म्हणजे गाठ आणि कांडे म्हणजे मधला भाग असं शिकलो आम्ही.

कांडेकरी
पुस्तकात असंल. आमच्या रानात उसाची लागण करताना दोन डोळ्यांची टिपरी, म्हणजे तुकडे, तोडतात, आता एक डोळ्याचीपण करतात. फुटवा डोळ्यातनं येतो. तुमच्या त्या चौकोनातनं दोन दांड्या बाहेर येतात ना, त्या ओढल्या की रेघ वाकती? मग तो डोळाच की. नोडला डोळा म्हणा.

शुद्धमती
'डोळा निवडा.' 'डोळा काढून टाका.' विचार करा, छापणार आहात.

कांडेकरी
😄 ते बी खरंच. पण नवा डोळा घालायला रेघेवर दोनदा क्लिक करायचं, हे चांगलं वाटतंय.

रेघोट्या
मंडळी, शनिवार उजाडला. 'गट करा' तसंच ठेवलंय, पुढे 'गट सोडा' लिहून पानं दुकानात दिली. 'सुटं करा' कंसात घातलंय. सगळ्यांचे आभार.

टोरंटोचा टोपण
अहो, 'गट सोडा' म्हणजे गटातून बाहेर पडा! व्हॉट्सअॅपवर रोज कोणी ना कोणी गट सोडतं. अध्यक्षबाई आता राजीनामा मागितला म्हणतील.

सांभारवडी
आणि पापडाच्या लेबलावर 'सोडा' दिसला की गिऱ्हाईक विचारणार, खायचा आहे का?

रेघोट्या
अरे देवा. थांबा, दुकानात फोन करते.

कांडेकरी
ताई, फोन करताय तोवर एक सांगतो. काल वडिलांना विचारलं. ते म्हणतात, पेर दोन्हीला म्हणतात. पण बोलताना हातानं दाखवलं ते गाठीवरच बोट ठेवून. आता आईला विचारतो, लागणीला जास्त तीच असायची.