पाहुण्यांसाठी दोन दिवस : पेंच की रामटेक?

महालकर
मंडळी, येत्या डिसेंबरात साताऱ्याहून आपल्या नागपूरला साडभाऊ येऊन राहिला. सोबत बायको, दोन पोट्टे अन् सत्तरीचे वडील. माणूस गडकोटवेडा. आल्या आल्या सीताबर्डीचा किल्ला पाहायचा म्हणते. मी जन्माचा महाल भागातला, पण पाहुण्यांना फुटाळा तलावाच्या पुढं कधी नेलं नाही. गाडी घरची आहे. काय दाखवू?

बर्डीवाला
किल्ल्याचं आधीच सांगून टाका. तो लष्कराकडे आहे, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच उघडतो. १८१७ची आप्पासाहेब भोसल्यांची लढाई खालूनच टेकडी दाखवत सांगा. मग झिरो माइलचा स्तंभ, दीक्षाभूमी. अर्धा दिवस पुरे.

रानभूल
पेंचचं वाघांचं जंगल करा! सिल्लारी गेटची सकाळची फेरी आधी ऑनलाइन बुक करा. उघड्या जिप्सीत थंडी हाडात शिरते, आजोबांना कानटोपी अन् घोंगडी द्या. रात्री मुक्काम केला तर आभाळ बघा. २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे तारे दिसावेत म्हणून रात्रीचा अंधार राखलेली जागा, जाहीर केलं.

विटकर
वाघ दिसला नाही तर पोट्टे दिवसभर तोंड पाडून बसतील, हेही सांगा की! गडवेड्याला रामटेक द्या, आणि पूर्ण दिवस द्या. लोक रामाचं दर्शन घेतात, नारळ फोडतात, परत फिरतात. राग येतो बाप्पा.

माझा क्रम असा. सकाळी सातला निघा, आधी मनसर. उत्खननात निघालेल्या विटांच्या टेकडीवर सावली नाही, म्हणून ऊन चढायच्या आत. मग रामटेक, गाडी बरीच वर जाते. रामाच्या गडमंदिराच्या आधी केवल नरसिंहाच्या देवळात थांबा. लाल दगडातली भलीमोठी मूर्ती, आणि भिंतीत वाकाटकांचा, म्हणजे विदर्भातल्या जुन्या राजघराण्याचा शिलालेख. त्यात प्रभावतीगुप्ता येते, म्हणजे गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची राणी. पोरं कंटाळली तर मोबाइलचा टॉर्च भिंतीवर तिरपा धरा. समोरून धरला तर अक्षरं सपाट दिसतात, तिरप्या उजेडात उठून येतात. माझी पुतणी "र" शोधत अर्धा तास बसली होती.

दुपारी नगरधन. तिथला कोट भोसल्यांच्या काळचा, पण गाव वाकाटकांचं नंदिवर्धन. इथल्या उत्खननात याच राणीच्या नावाची, शंख कोरलेली मातीची मुद्रा सापडली. सकाळी भिंतीवर वाचलेलं नाव दुपारी तिच्या राजधानीत पुन्हा भेटतं. कोटातल्या विहिरीत उतरून देवीचं ठाणं आहे. पायऱ्या आहेत, आजोबांना वरच बसवा.

रानभूल
हे पटलं. पण रामटेकच्या माकडांचं सांगा की. मागं माझ्या हातातली प्रसादाची पिशवी गेली, चष्मा थोडक्यात वाचला.

महालकर
ठरलं, पहिला दिवस विटकरांचा, दुसरा पेंचचा. साडभावाला फोन केला तर म्हणते, "किल्ला नाही? मग येऊ कशाला?" नगरधनचा कोट सांगितला तेव्हा गप झाला. जेवण रामटेकलाच उरकावं की डबा न्यावा? आजोबांना तिखट चालत नाही.

विटकर
डबा न्या. अन् टॉर्च चार्ज करून ठेवा.