'अर्जन्सी'ला आपल्याकडं काय म्हणायचं?

कृष्णाकाठ (सांगली): मिरज तालुक्यातल्या बायकांकडून भरून घ्यायचा लघवीच्या तक्रारींचा फॉर्म मराठीत करतेय आणि एकाच शब्दावर चार दिवस अडकलेय. अर्जन्सी. आधी कुणीतरी "लघवीची तीव्र इच्छा होते का?" असं लिहून ठेवलंय. इच्छा व्हायला ती काय जिलेबी आहे का? लघवी लागते! आणि या प्रश्नाला सगळ्याच हो म्हणतात, कारण सकाळी भांगलायला गेलेली बाई आडोसा नाही म्हणून दुपारपर्यंत दाबून ठेवते, मग जोरात लागणारच की. तो आजार नव्हे. अर्जन्सीच्या 2002 च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत अचानक लागणं आणि थोपवणं अवघड जाणं, दोन्ही पाहिजे. "निकड" सुचला, पण निकड पैशाची असते.

माणदेशी: "घाईची लागते" म्हणतात आमच्यात, पण ते संडासलाही चालतं. "कळ" नको, दुखतंय का असंच ऐकतील. आणि "उन्हाळी लागली" तर अजिबात नको, ती जळजळ. जळजळ इन्फेक्शनचीही असू शकते, आणि ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर, म्हणजे ही अर्जन्सीवाली तक्रार, म्हणायच्या आधी इन्फेक्शन नाही ना हे बघावंच लागतं.

साताऱ्याची सून: आयुर्वेदातला "वेग" आहे ना? चरकाच्या सूत्रस्थानात 13 वेग अडवू नयेत म्हणून सांगितलेत, त्यात मूत्राचा पहिला.

कृष्णाकाठ: तो साधं लागण्याला झाला, ते सगळ्यांनाच होतं. शिवाय वेग म्हटलं की बायका धार जोरात येते का एवढंच सांगणार.
काल तासगावच्या आत्याला विचारलं. म्हणाली, "कुलपात किल्ली घातली की दम निघत नाही बघ, त्यात मोरीत नळ चालू असला तर संपलंच." शब्द मिळाला म्हणून मी खूश, लगेच विचारलं दिवसातून किती वेळा होतं असं, तर म्हणे "आता कुठं होतंय, मी आधीच जाऊन येते, एसटीत चढायच्या आधी, पंगतीला बसायच्या आधी." आता बोला! ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडरची तक्रार किती हे मोजायला ओएबीएसएस म्हणून जपानी फॉर्म आहे 2006 चा, चार प्रश्न, एकूण 15 गुण, त्यात अर्जन्सीला 5 पर्यंत, म्हणजे कधीच नाही तर 0 आणि दिवसातून 5 वेळा किंवा जास्त तर 5. आत्याला तिथं भोपळा, आणि दिवसाच्या खेपा मोजल्या तर 12. म्हणून सोबत तीन दिवसांची वही लागतेच, किती वाजता गेली, मापात किती मिली झाली, रात्री किती वेळा उठली.

माणदेशी: "दम निघत नाही" झकास आहे पण म्हाताऱ्या बायकांना दम्याचं वाटंल हो. "दम लागतो का" असंच ऐकू येतं त्यांना.

साताऱ्याची सून: मग "धरवत नाही" घ्या. "थांबवत नाही" मात्र नको, लघवी थांबतच नाही असा अर्थ काढतील.

कृष्णाकाठ: आत्ताच आत्याला फोनवर वाचून दाखवलं, "लघवी एकदम लागते आणि धरवत नाही, असं किती वेळा होतं?" तर ती दबक्या आवाजात, "तुला कुणी सांगितलं गं?"