मदत हवी आहे: दगडफुलातलं लेकॅनोरिक आम्ल मिथेनॉलमध्ये फुटतंय
दगडफुलाच्या (लायकेनच्या) अर्काने जिवाणू मरतात का, आणि ते त्यातल्या लेकॅनोरिक आम्ल या रसायनामुळेच का, ते तपासायचं आहे. नमुना पार्मोट्रेमा टिंक्टोरम या जातीचाच आहे, मसाल्याच्या दुकानातला नाही (तिथे भलत्या जाती मिसळलेल्या असतात). दगडफुलाच्या आतल्या पांढऱ्या गाभ्यावर ब्लीचचा थेंब टाकला की लगेच लालभडक, म्हणजे लेकॅनोरिक आम्ल नक्की.

5 ग्रॅम भुकटी 50 मिली थंड असिटोनमध्ये रात्रभर ठेवली, तर टीएलसीवर (पातळ थरावर घटक वेगळे करून ठिपके दाखवणारी चाचणी; द्रावक टोल्युइन, डायॉक्सेन, असेटिक आम्ल 180:45:5) ॲट्रानोरिन (याच दगडफुलातलं दुसरं रसायन) आणि लेकॅनोरिक असे दोनच ठळक ठिपके. सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुन्हापुन्हा फिरवून अर्क काढणारं उपकरण) गरम मिथेनॉल वापरलं की दोघांच्या मधे तिसरा उमटतो, बहुधा लेकॅनोरिक फुटून मिथेनॉलशी जुळल्याने बनलेलं मिथाइल ऑर्सेलिनेट. मग जिवाणू मेले तरी गुण कोणाचा, कसं सांगणार? म्हणून असिटोनचाच अर्क 40 अंशांखाली वाळवून डीएमएसओत (डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात) विरघळवणार आहे. एचपीएलसीची (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राची) सोय नाही.

डीएमएसओत लेकॅनोरिक किती दिवस टिकतं? उणे 20 अंशांवर ठेवूनही ऑर्सेलिनिक आम्ल (लेकॅनोरिक फुटून होणारा तुकडा) सुटतं, की दर वेळी ताजंच द्रावण करावं?