मदत हवी आहे: जालंधरचं तीन दिवसांचं शीख लग्न, पुण्याहून चौघं जातोय

चाफा
नवऱ्याच्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न जानेवारीच्या शेवटी जालंधरला आहे. आम्ही मुलीकडचे पाहुणे: आम्ही दोघं, सासूबाई (वय ७२, गुडघ्यांचा त्रास) आणि ९ वर्षांचा मुलगा. पत्रिकेत पहिल्या दिवशी मैयां आणि लेडीज संगीत, दुसऱ्या दिवशी मेंदी आणि रात्री जागो. तिसऱ्या दिवशी बारात सकाळी ९, मग मिलनी, आनंद कारज (मुख्य लग्नविधी), पॅलेसमध्ये (तिकडचं मंगल कार्यालय) जेवण, डोली (पाठवणी) ४ वाजता. सगळ्याला जायलाच हवं का? गुरुद्वाऱ्यात काय पाळायचं? आहेर किती आणि कुणाच्या हातात? आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. आणि पैठणी चालेल ना?

टांगेवाला
सगळ्याला नको. मैयां म्हणजे आपली हळद, तेल आणि वटणा (उटणं) लावतात. तो घरच्यांचा कार्यक्रम. चूडा पत्रिकेत नसला तरी होणारच: मामाने आणलेल्या बांगड्या कच्च्या लस्सीत, म्हणजे दूधपाण्यात, बुडवून भरतात आणि तोवर मुलीला त्या दिसू देत नाहीत. दोन्हीला खास बोलावलं तरच जा. संगीत आणि लग्नाचा दिवस मात्र चुकवू नका.

जागो बघण्यासारखा असतो. मामी डोक्यावर दिव्यांनी सजवलेली घागर घेते आणि सगळे नाचत गल्लीतून फिरतात. पण मध्यरात्र उलटते आणि थंडी ५-६ अंशांवर असते. सासूबाईंना हॉटेलवरच राहू द्या. आजोळची मंडळी, म्हणजे नानके, आणि मुलीच्या वडिलांकडची यांच्यात गाण्यांतून यथेच्छ शिव्या चालतात, त्यांना सिठणियां म्हणतात. तुमचंही नाव गुंफलं तर हसून घ्या, तो मान आहे.

नाचणाऱ्यांवरून नोटा ओवाळतात. त्या ढोलवाल्यांच्या. मुलाला उचलू नको म्हणून आधीच सांगा. तुम्हीही १०च्या कोऱ्या नोटांचं एक बंडल जवळ ठेवा.

निरगुडी
गुरुद्वाऱ्याचं मी सांगते. बाकी तीन दिवस सगळं सैल असतं, हे दीड-दोन तास तेवढे काटेकोर.

दारात चपला जोडेघरात द्यायच्या, हात धुवायचे, डोकं झाकायचं. पुरुषांसाठी रुमाल टोपलीत ठेवलेले असतात. फेटा चालतो, टोपी नको. पैठणी चालेलच, पण रेशमी पदर डोक्यावर टिकत नाही. दोन मिनिटांनी घसरतो आणि सगळा वेळ तो सावरण्यात जातो. सुती किंवा जॉर्जेटची ओढणी घेऊन केसांना दोन पिना लावा.

सगळ्यात महत्त्वाचं, नवऱ्याच्या किंवा ड्रायव्हरच्या खिशात तंबाखूची पुडी, सिगारेट असेल तर गाडीतच राहू दे. त्याला तिथे अजिबात माफी नाही.

आत गेल्यावर गुरू ग्रंथ साहिबांपुढे माथा टेकायचा, १०-२० रुपये गोलकमध्ये (दानपेटीत) टाकायचे. नारळ, ओटी काही नाही. मग खाली मांडी घालून बसायचं, त्या दिशेला पाय पसरायचे नाहीत. लावां, म्हणजे लग्नाची पदं, चार. प्रत्येक लाव आधी वाचतात, मग रागी (कीर्तन गाणारे) ती गातात आणि तेवढ्यात एक परिक्रमा होते. नवरा पुढे, नवरी त्याचा पल्ला धरून मागे, तिचे भाऊ वाटेत आधाराला उभे. आपला हात सवयीने अक्षतांसाठी शिवशिवतो, पण इथे काहीच टाकायचं नसतं. टाळ्याही नाहीत. अरदासला (प्रार्थनेला) सगळे उभे राहतात तेव्हा हात जोडून उभं राहायचं, एवढंच.

शेवटी कडा प्रशाद. बसूनच, दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा. कणीक, तूप, साखर सारखीच असल्याने तळवे तुपाने थबथबतात. नको म्हणू नका, "थोडा" म्हणा. हात पुसायला रुमाल हवा, नाहीतर पैठणीला डाग पडलाच समजा.

टांगेवाला
शीख रिवाजात मुहूर्त नसतो, त्यामुळे ९ची बारात साडेदहाला आली तरी कुणी घाबरत नाही. पण तुम्ही मुलीकडचे, म्हणून ९लाच पोचा. चहा-पकोडे तेव्हाच मिळतात. मिलनीत मामा-मामा, काका-काका एकमेकांना हार घालून उचलतात. त्यात आपण प्रेक्षक.

आहेर: पाकिटाला एक रुपयाचं नाणं चिकटवलेलंच मिळतं. ऑफिसच्या ओळखीला ११०० ते २१०० ठीक, फार जवळचे असाल तर ५१००. पॅलेसमध्ये मुलीच्या आईवडिलांच्या हातात द्या, गुरुद्वाऱ्यात नको. निघताना मिठाईचा डबा मिळेल. त्याला तिकडे "भाजी" म्हणतात, पोळीची वाट बघू नका!

जेवण: लंगर, म्हणजे गुरुद्वाऱ्यातलं जेवण, शाकाहारीच असतो. पॅलेसमध्ये मात्र पनीर टिक्का आणि चिकन टिक्का एकाच रंगाचे, ट्रे घेऊन फिरणारे वेटरही तेच. प्रत्येक वेळी विचारून घ्या. मुख्य जेवण तीनशिवाय लागत नाही आणि तोवर स्नॅक्सनेच पोट भरतं. मुलाला गुरुद्वाऱ्यातच लंगर खाऊ घाला.

चाफा
खूप आभार दोघांचे! अजून दोन शंका. सासूबाई खाली बसू शकत नाहीत. आणि परतीचं अमृतसर-पुणे विमान डोलीच्याच संध्याकाळी साडेसातचं घेतलंय, ते जमेल?

निरगुडी
बऱ्याच गुरुद्वाऱ्यांत मागे भिंतीलगत बाकं असतात, पण सगळीकडे नाहीत. मुलीच्या आईला आत्ताच फोन करून विचारा. नसेल तर भिंतीला टेकायची जागा धरून ठेवायला सांगा. थंड फरशीवरून चालायचं असतं, मोजे चालतात का तेही विचारून ठेवा. अमृतसरला हरमंदिर साहिबमध्ये (सुवर्णमंदिरात) जाणार असाल तर तिथे मोजेही काढावे लागतात.

टांगेवाला
विमान बदला. डोली चारची पाच-साडेपाच होते, जालंधरहून अमृतसर विमानतळ सुमारे ९० किलोमीटर, आणि जानेवारीत धुकं रात्री उतरायला लागतं. दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ते ३मधलं घ्या, तेव्हा धुकं बहुधा विरलेलं असतं. जाताना पण एक दिवस आधी पोचा. रेल्वेने जाणार असाल तर मुंबईहून पश्चिम एक्स्प्रेस, गोल्डन टेंपल मेल किंवा मनमाडहून सचखंड एक्स्प्रेस. धुक्यात त्याही तासन्‌तास रखडतात, तेवढं धरून चला.