शब्दचर्चा : ‘कास्त्रातो’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : फारिनेल्लीवर (१७०५–१७८२) लेख लिहिते आहे. मूळ नाव कार्लो ब्रोस्की, ऑपेराचा गायक, कास्त्रातो, म्हणजे आवाज कोवळा राहावा म्हणून लहानपणीच वृषणांची शस्त्रक्रिया केलेला गायक. पर्याय सुचतात ते खोजा, षंढ, नाहीतर ‘खच्ची केलेला’. यांतलं एकही लिहवत नाही. ‘स्त्रीपार्टी नट’ चालेल का?

उत्तर : खोजा जनानखान्यावरचा, षंढ ही तर शिवीच, आणि खच्ची करतात बैलाला. यात गाणं कुठेच नाही. इथे गोष्ट गळ्याची आहे. मुलगा वयात येण्याआधी शस्त्रक्रिया झाली की स्वरयंत्र वाढत नाही, कंठ फुटत नाही. छाती मात्र वाढते. म्हणून आवाज कोवळा आणि दमसास दांडगा. लंडनमध्ये फारिनेल्लीने लावलेल्या एका स्वराबद्दल इंग्रज संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नीने लिहून ठेवलंय : अगदी नाजूक सुरुवात, मग स्वर कणाकणाने भरत नेला, पुन्हा तसाच बारीक करत टोकावर आणला. टाळ्या पाच मिनिटं थांबल्या नाहीत. एवढ्या कसबाला शिवी चिकटवू नका.

आणखी एक : स्त्रीपार्टी नकोच. वाचकाला बालगंधर्व दिसतील. रोममध्ये बायकांना रंगभूमीवर बंदी होती, तिथे तरुणपणी फारिनेल्लीनेही स्त्रीभूमिका केल्या, हे खरं. पण कास्त्रातोंचा खरा मान नायकाचा. संगीतकार हॅन्डेलच्या ऑपेरात १७२४ साली सीझर गायला तो सेनेसिनो, कास्त्रातोच. तेव्हाच्या श्रोत्यांना उंच पट्टीतला आवाज शूराला शोभणाराच वाटे.

प्रश्न : आणि माद्रिदचा काळ? १७३७ साली तो उदासीने ग्रासलेल्या स्पेनच्या राजासाठी, पाचव्या फेलिपेसाठी, गायला गेला आणि जाहीर रंगमंचावर पुन्हा कधीच उभा राहिला नाही. ‘दरबारी गवई’ म्हणू?

उत्तर : फेलिपेच्या काळापुरतं बेलाशक म्हणा. इटलीतही कास्त्रातोला सभ्यपणे ‘मूझिको’ म्हणत, म्हणजे नुसता संगीतकार. पुढे त्यानंतरच्या राजाच्या, सहाव्या फर्नांदोच्या कारकिर्दीत तो दरबारचे ऑपेरा उभे करायचा, कलावंत बोलवायचा. तिथे ‘गवई’ तोकडा पडतो, ‘दरबारच्या ऑपेराचा प्रमुख’ असं सरळ लिहा. एरवी ‘कास्त्रातो’ तसाच ठेवून पहिल्यांदा एका वाक्यात अर्थ द्या. अनेकवचनासाठी इटालियन ‘कास्त्राती’ नको. ‘फोटो’सारखा चालवा : एक कास्त्रातो, दोन कास्त्रातो, कास्त्रातोंचा.