बाइकच्या हँडलला हीटेड ग्रिप्स (गरम होणाऱ्या मुठी) बसवायच्यात, मदत हवी आहे

मंडळी, जूनमध्ये मनाली-लेह करायचंय, गाडी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११. मागच्या वेळी बारालाचा खिंडीत ग्लोव्ह्ज भिजले आणि बोटं अशी आखडली की सरचूला चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला, त्यामुळे यंदा हीटेड ग्रिप्स घ्यायच्याच. वरून गुंडाळायच्या स्वस्त मिळतात पण मूठ जाड होते अन् माझे हात लहान, म्हणून पूर्ण ग्रिपच बदलेन म्हणतोय. मेकॅनिक म्हणतो डायरेक्ट बॅटरीला जोडू, पण ३-४ अँपिअर खाणारी वस्तू रात्री चुकून चालू राहिली तर सकाळी बॅटरी झोपलेलीच की! इग्निशनवरून रिले (किल्ली चालू असेल तरच करंट सोडणारा स्विच) अन् फ्यूज टाकून कुणी बसवल्यात का? आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळताना वायर ताणली जाऊ नये म्हणून ढील किती ठेवली? फोटो असेल तर टाका प्लीज.